मोटारीच्या सहा गाद्या

माघ शुद्ध ११, मंगळवार. शके १८६०. मुक्काम हट्टा.

नांदेडच्या उस्तादांनी निरोप देताना सांगितलं होतं, तातेराव, गाडीची वही ठेव. पेट्रोल किती घातलं, हवा कधी भरली, सगळं लिही. वर्षभर मी तसंच लिहीत आलो. पण त्या वहीत मनातलं लिहायला जागा नाही आणि इथं बोलायला माणूस नाही. गावात मोटार एक आणि मोटार जाणणारा एक. म्हणून आजपासून ही दुसरी वही. ही कुणी वाचायची नाही.

आज मालकांनी बोलावलं. मालक म्हणजे रामकिशनराव, हट्ट्याचे मोठे जमीनदार. शिवरात्रीला तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे सगळ्यांत मोठे अधिकारी, औंढ्याच्या जत्रेला येणार आहेत आणि वसमतेपासून औंढ्यापर्यंत आपल्या मोटारीतून जाणार आहेत. त्यांची गाडी नादुरुस्त आहे, म्हणून साहेबांनी स्वतः निरोप धाडलाय. मालक म्हणाले, साहेबांना गाडीत आपलं तोंड दिसलं पाहिजे. मी म्हणालो, मिशीचा केस न् केस दिसेल. अठरा दिवस आहेत.

आपली गाडी सायीच्या रंगाची. काळ्या गाडीवर चरा उठला तर लोकांना वाटतं सावली आहे. सायीच्या रंगावर माशी बसली तरी दिसते. तिला चकाकी येते ती गाद्यांनी. तळहाताएवढ्या सहा गाद्या आहेत. आत कापूस, वर मेंढीची मऊ लोकर, पाठीला हात घालायला पट्टा. दोन मेण लावायच्या, दोन घासायच्या, दोन शेवटच्या हाताच्या. लोकरीत वाळूचा एक कण राहिला तरी गाडीवर जन्माचा चरा उठतो. त्यामुळं मोटारीपेक्षा गाद्या जास्त जपाव्या लागतात.

गाद्या शिवते आणि धुते ती पारुबाई, तांड्यावरच्या हरिचंद नाइकाची बायको. तांडा गावापासून अर्ध्या कोसावर, मालकांच्याच जमिनीवर. हिच्या सासऱ्याच्या वेळेपर्यंत यांचे लदणीचे बैल होते. मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बैलाच्या पाठीवरच्या गाद्या बायका शिवायच्या, म्हणून तिचा हात बसलेला. पण खोडी एकेक. धुतलेली गादी ती गालाला लावून पाहते. म्हणते, बैलाच्या गादीत काटा राहिला का हाताला कळत न्हाई, गालाला कळतो. मला हसू येतं. दुसरी खोडी म्हणजे धागा दातानं तोडते. थुंकी लागते लोकरीला. मी वसमतेहून कातर आणून दिली तर ती तिनं खुंटीला टांगून ठेवली आणि धागा दातानंच तोडला.

माघ शुद्ध १३, गुरुवार.

काल पारुबाईनं गाद्या धुतल्या. कोमट पाण्यात रिठे कुस्करते, गादी बुडवून नुसती दाबते, पिळत नाही. मग लाकडी फणीनं लोकर विंचरते आणि लोकर खाली करून लिंबाच्या सावलीत टांगते. सावलीत वाळायला तीन दिवस! मी म्हणालो, उन्हात टाक. तर म्हणे, उन्हानं लोकर ताठ होती. मी नांदेडला शिकलेला, ही मला शिकवणार.

ती तांड्यावर गेल्यावर मी गाद्या काढल्या आणि खळ्यावरच्या तारेला लावल्या. तिथं दिवसभर ऊन. सटवाजीची माणसं हळद घासत होती. सटवाजी म्हणजे मालकांचा खळ्यावरचा मुकादम. वाळलेली हळकुंडं पोत्यात घालून दोन बाजूंनी दोघं ओढतात, तेव्हा वरचं साल निघतं आणि हळद चमकते. मी सटवाजीला म्हणालो, तुझं आणि माझं काम एकच, पॉलिशचं. तो हसला नाही. धुराळ्यानं मला इतका खोकला लागला की तिथं उभं राहवेना.

दिवस मावळायच्या आत गाद्या खडखडीत वाळल्या. तिचे तीन दिवस, माझा एक.

माघ शुद्ध १४, शुक्रवार.

पारुबाई आली, लिंबाखाली गाद्या दिसेनात म्हणून विचारलं. मी डबा उघडून दाखवला. तिनं एक गादी उचलली, गालाला लावली, मग नाकाशी धरली. म्हणाली, या परत धुवाव्या लागतील. मी म्हणालो, उद्या मेण लावायचंय, आता धुणं नाही. ती काहीतरी बोलणार होती, मी डबा लावून टाकला. लोकांचं एकदा ऐकलं की त्यांना सवय लागते.

माघ पौर्णिमा, शनिवार.

आज मेण केलं. पोळ्याचं मेण, जवसाचं तेल, टरपेंटाइन. मंद आचेवर, चूल लांब अंगणात, कारण टरपेंटाइन पेट घेतं. गाद्या मेणात बुडवायच्या आधीच मेणाच्या रंगाच्या दिसत होत्या. वर्षभराचं मेण लोकरीत मुरलंय, दुसरं काय.

सकाळी सहापासून दुपारपर्यंत एकट्यानं घासलं. खांदे भरून आले. पण गाडी अशी दिसतेय की मी स्वतः चार वेळा बाहेर जाऊन परत आत आलो, पुन्हा पहिल्यांदा बघायला मिळावी म्हणून. मालक येऊन गेले. म्हणाले, तातेराव, सोन्याची केली की रं. मालक कुणाला कधी चांगलं म्हणत नाहीत. मी खाली बघून उभा राहिलो, नाहीतर मला हसू आवरलं नसतं.

माघ वद्य ३, मंगळवार.

वसमतेला पेट्रोलला गेलो. बाजारात लोक गाडीभोवती जमले. एक म्हातारी म्हणाली, नवरीवानी दिसती. खरंच, उन्हात पिवळसर झाक मारते. माझ्या मेणाची करामत.

येताना रस्ताभर फुफाटा. शिवरात्रीच्या आधी जुनं मेण उतरवून नवा हात द्यावा लागेल.

माघ वद्य ७, शनिवार.

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवतो.

सकाळी जुनं मेण उतरवायला घेतलं. उस्तादांची रीत, बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा. फडकं बुडवून बॉनेटवर फिरवलं. फडकं जिथून गेलं तिथं गाडी लाल झाली. मला वाटलं बोट कापलं. बोटं पाहिली, कुठं काही नाही. पुन्हा पुसलं, जास्त लाल. घाबरून मी दारावर पाणी मारलं, तर दारावर ओघळ उठले. माझा हात जिथं टेकला तिथं पाच बोटं उमटली.

साधं पाणी ओतत बसलो. फिकट झालं, गेलं नाही. सटवाजी खळ्याकडून येत होता. तो लांबच थांबला. मोटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भानामती हाय ही." आणि आला तसा परत गेला.

अर्ध्या तासात गावभर झालं. या भागात भानामतीचं नाव काढलं की शहाणी माणसंही गप्प होतात. धुतलेल्या कपड्यावर फुल्या उमटतात, गंजीला आपोआप आग लागते, असल्या गोष्टी. मी हे मानत नाही. पण लाल तर माझ्या डोळ्यांसमोर झालं.

माघ वद्य ८, रविवार.

मालक आले ते दहा-बारा माणसं घेऊन. गाडीला कुणी हात लावला नाही. मालकांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. परवा त्यांची म्हैस आटली, काल त्यांच्या आई उंबऱ्याला अडखळल्या. सटवाजीनं ते सगळं एका दमात जोडून सांगितलं.

पारुबाईला बोलावलं होतं, कारण गाद्या तिच्या हातच्या. ती सरळ गाडीपाशी गेली, लाल डागावर बोट फिरवलं, वास घेतला. म्हणाली, "ही हळद हाय, मालक. सोड्यानं लाल झाली. गाद्यांत हळद गेली असंल."

मालक माझ्याकडं वळले. म्हणाले, "तातेराव, गाद्यांत हळद कुठून जाईल?"

आता इथं खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचायची नाही. तो प्रश्न कानावर पडला आणि मला खळ्यावरची तार दिसली. माझा तो खोकला आठवला. एवढं सगळं मला एका क्षणात कळलं. आणि मी म्हणालो, "न्हाई मालक. माझ्या गाद्या डब्यात असतात. धुवायला तेवढ्या हिच्या हातात जातात."

दुसरं वाक्य मला बोलायचं नव्हतं. पहिल्याच्या मागं ते आपोआप आलं. पारुबाई माझ्याकडं बघत राहिली. मी टायरची हवा बघायला खाली बसलो. टायरमध्ये हवा बराबर होती.

माघ वद्य ९, सोमवार.

नदीपलीकडच्या भगताला आणलं. मला वाटलं होतं लिंबू कापतील, अंगारा लावतील, मिटेल. माझा हिशेब असा होता की चार दिवस बोभाटा होईल आणि लोक विसरतील.

भगतानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. विचारलं, गाडीला लागणारी कोणती वस्तू बाईमाणसाच्या हातची आहे? मग पारुबाईला समोर बसवलं आणि म्हणाला, हिच्या तोंडात मंत्र आहे. गुरुवारी दुपारी मारुतीच्या पारावर हिचे पुढचे दोन दात काढा. दात गेले की मंत्राचा उच्चार फुटतो, मग भानामती चालत नाही. नाहीतर सगळ्या तांड्यानं जमीन सोडून जावं.

असलं मी पूर्वी नुसतं ऐकून होतो. माणूस समोर बसलेला असताना ऐकणं वेगळं. पारुबाईनं पदर तोंडावर ओढला.

हरिचंद नाईक मालकांपुढं हात जोडून उभा होता. तांड्याची ज्वारी कापणीला आलीय. उठले तर वर्षाचं अन्न शेतात सोडून उठायचं, आणि पुढच्या गावाला यांच्याआधी यांची बदनामी पोचणार. मालक म्हणाले, माझा इलाज न्हाई, शिवरात्रीच्या आत माझ्या दारातून हे गेलं पाहिजे. मालक वाईट नाहीत. ते घाबरलेत. घाबरलेल्या माणसाला काय सांगायचं?

सांगायचं काय ते मला माहीत आहे. उगाच लिहून गेलो.

माघ वद्य १०, मंगळवार.

मालकीणबाईंनी, म्हणजे आशाबाईंनी, मागच्या दारी बोलावलं. त्या कधी माझ्याशी बोलत नाहीत. ओट्यावर एक जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवलेला, हळदीचे डाग पडलेला, आणि शेजारी सोड्याचा खडा. मला म्हणाल्या, "तातेराव, तुमी जन्मात कधी धुणं धुतलंय का?" मी म्हणालो, नाही. म्हणाल्या, तुमच्या मालकांनीबी न्हाई, भगतानंबी न्हाई. हळदच हाय म्हणून मी काल मालकांना सांगून बघितलं, म्हणाल्या. ते म्हणाले, ड्रायव्हर सांगतो गाद्या डब्यात होत्या, मग हळद कुठली. एवढं बोलून त्या आत गेल्या. तो तुकडा आणि खडा तिथंच राहिला. मी दोन्ही खिशात घातलं.

मी एवढा का भितोय ते लिहून बघतो. नोकरी जाईल, हे आहेच. पण त्यापेक्षा वसमतेत माझं नाव आहे. मोटारीतलं कळणारा माणूस म्हणून लोक नमस्कार करतात. शाळेतल्या ज्या मास्तरांनी मला गाढव म्हणून उठवलं होतं, ते आता रस्त्यात थांबून विचारतात, कसं काय तातेराव. एका तांड्यावरच्या बाईनं बरोबर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, एवढं एक वाक्य चारचौघांत म्हणायचं, तर ते माझ्याच्यानं होत नाही. लाज वाटते हे लिहिताना.

दुपारी एक युक्ती सुचली. डागच गेले तर कुणाला काही सांगायला नको. लिंबू पिळून चोळलं; लाल जाऊन पिवळं उरलं. मग दिसलं की गाडीची जी बाजू शेडच्या दारातून उन्हात येते, तिथला डाग बराच विरलाय. हळद उन्हात उडते! मी गाडी ढकलत अंगणात आणून उभी केली. जीव भांड्यात पडला. परवापर्यंत गाडी स्वच्छ होईल आणि सगळे मोकळे होतील.

माघ वद्य ११, बुधवार.

डाग निम्मे उडाले. आणि ते माझ्याच अंगाशी आलं.

सकाळी मालक अंगणात आले, गाडी बघितली आणि त्यांचे डोळे भरले. म्हणाले, भगताचा गुण येऊन राहिला. नुसता हुकूम झाला तर एवढं उतरलं, उद्या दात काढले की सगळं जाईल. जे मी पुसायला गेलो त्यानंच पारुबाईवर शिक्का बसला.

तडक तांड्यावर गेलो. पारुबाई झोपडीपुढं ज्वारी निवडत होती. हरिचंदाला म्हणालो, आजच दोघं निघून जा. मी मोटारीनं पूर्णेच्या स्टेशनवर सोडतो, मालकांना मी बघतो. तो बायकोकडं बघायला लागला.

पारुबाई म्हणाली, "पळालं की कबूल केल्यावानी झालं. मागं चौदा घरं हायत."

मग तिनं सूप खाली ठेवलं. "डायवर, गाद्या उन्हात वाळवल्या ना तुमी? त्या दिवशीच कळलं मला. लोकर कडक लागली माह्या गालाला. हळदीचा वास आला."

मी विचारलं, मग रविवारी सगळ्यांसमोर तसं का नाही बोललीस?

"हळद हाय म्हणून बोलले की. कोणी ऐकलं? खळ्यावर कोणी नेल्या ते माह्या तोंडून निघालं असतं तर म्हणले असते, बाई डायवरवर ढकलून राहिली. ते तुमच्याच तोंडून निघाया पायजे." एवढं म्हणून ती परत ज्वारी निवडायला लागली.

तिनं मला पाणी विचारलं नाही. ती नेहमी विचारते.

परत आलो तर दिवेलागणीला सटवाजी आला. म्हणाला, उद्यासाठी पक्कड लागती, तुमच्या मोटारीच्या पेटीत चांगली हाय म्हणं. मी पेटीवर बसून होतो. म्हणालो, मीच घेऊन येतो. तो गेल्यावर पेटी उघडून पक्कड काढली. उस्तादांनी दिलेली आहे. घट्ट बसलेला खिळासुद्धा हिच्या दातांतून सुटत नाही, असं ते कौतुकानं म्हणाले होते.

माघ वद्य १२, गुरुवार. सकाळ.

जेवण गेलं नाही. दुपारी पारावर जायचंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

क्रमानं लिहितो, नाहीतर माझ्या सोयीचं तेवढंच लक्षात राहील.

पारावर सगळं गाव. मालक घोंगडीवर. भगत पाराच्या पायरीवर. पारुबाई खाली मातीत बसलेली आणि तिच्यामागं हरिचंद आणि तांड्यावरची माणसं, कुणाच्या हातात काठी नाही. लांब भिंतीच्या कडेला बायका. भगतानं माझ्याकडं न बघता हात पुढं केला. पक्कड माझ्या खिशात होती. मी त्याच्या हातावर गादी ठेवली.

मग मालकांकडं तोंड करून म्हणालो, "मालक, ही गादी मी खळ्यावरच्या तारेवर वाळू घातली होती, हळद घासायची चालली होती तिथं. पारुबाईनं परत धुवायला मागितली, मी दिली न्हाई. रविवारी तुमी विचारलं तवा मी खोटं बोललो."

घरून बाटलीत भरून आणलेलं सोड्याचं पाणी गादीवर ओतलं. लोकर लाल झाली आणि भगताच्या बोटांमधून लाल पाणी खाली गळलं.

मला वाटलं होतं इथं संपेल. पण भगत गादी टाकून ओरडला की बघा, भानामती गादीतच आहे, ड्रायव्हरलाही झपाटलंय. आणि लोक खरोखर दोन पावलं मागं सरले. सटवाजी माझ्या खिशाकडं बघत होता. हे मी धरलंच नव्हतं. माझं खरं बोलणंही त्यांना भानामती वाटली. मी खिशातला आशाबाईंचा तुकडा काढला, सोडा चोळला, तोही लाल झाला. लोक आणखी मागं सरले.

तेवढ्यात बायकांतून आशाबाई पुढं आल्या. मालकांची बायको पारापाशी आलेली गावानं कधी पाहिली नव्हती. डोईवरचा पदर सारखा करून त्या मालकांनाच म्हणाल्या, "माह्या लुगड्यावरबी भानामती हाय मग. धुणं घातलं की लाल पडतंय. आन् कपाळाला लावतो ते कुंकू कशाचं करतात, इथल्या एका तरी बाईला विचारा."

मग भिंतीकडून एक म्हातारी बाई खुदकन हसली. म्हणाली, हळदीला सोडा, चुना लागला की लाल व्हती, एवढं मला बी ठावं हाय. मग दुसरी हसली. मग सगळ्याच. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. प्रत्येकाच्या घरात रोज धुणं होतं आणि एकालाही माहीत नव्हतं. भगतानं आपला हात धोतराला पुसला, धोतर लाल झालं, तेव्हा तर लहान पोरंसुद्धा हसली.

मालक उठले. पारुबाईला काही म्हणाले नाहीत. हरिचंदाला म्हणाले, जावा आता. मला म्हणाले, "किल्ली." मी किल्ली दिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि मला तेच बरं वाटलं.

पारुबाईला उठवेना. हरिचंदानं हात दिला. तिनं तोंड उघडून श्वास घेतला तेव्हा मला कळलं की इतका वेळ ती ओठ गच्च मिटून बसली होती. खालच्या ओठाला तिचे स्वतःचेच दात लागले होते. मी पुढं झालो. ती माझ्या बाजूनं निघून गेली.

माघ वद्य १४, शनिवार. महाशिवरात्र.

तालुकदारसाहेबांची स्वतःची गाडी दुरुस्त झाली, ते तिच्यातूनच औंढ्याला गेले. आपल्या मोटारीची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. मालक बैलांच्या दमणीतून दर्शनाला गेले.

मोटार अंगणात उन्हात उभी. डाग शोधून सापडत नाही.

फाल्गुन शुद्ध ५, शुक्रवार.

दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत गाडी पुसून ठेवायचा हुकूम आहे. मालकांनी परभणीला दोन पत्रं धाडलीत. कुणी आलं नाही. किल्ली त्यांच्याकडंच असते. मला सटवाजीसुद्धा आता पॉलिशवाला म्हणतो.

जुन्या सहाही गाद्या मी जाळल्या. आज धनगराकडून नवी लोकर घेतली, पहिल्या कातरणीची, आणि तांड्यावर गेलो. रस्त्यात ज्वारीची कापणी चालू होती. पारुबाई शेतात होती. मला पाहिलं आणि कापतच राहिली. मी बांधावर बसलो. दुपार झाली. ती भाकरी खायला बसली, मला बोलावलं नाही. उन्हं कलली तेव्हा बांधावर येऊन म्हणाली, काय पायजे?

मी म्हणालो, "पारुबाई, माझं चुकलं. तुमी गाद्या शिवून देता का?"

याआधी मी तिला कधी तुमी म्हटलं नव्हतं. तिनं लोकर हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "धुणार कोण?" मी म्हणालो, मी. "वाळवणार कुठं?" लिंबाखाली, म्हणालो. "किती दिवस?" मी म्हणालो, तीन.

मग ती झोपडीपुढं बसली आणि शिवायला लागली. एक गादी पुरी व्हायला बराच वेळ लागला. मी समोर बसून टाके बघत होतो. शिवून झाल्यावर तिनं ती मला दिली आणि म्हणाली, गालाला लावा. मी लावली. मऊ होती, पण कानाजवळ काहीतरी टोचलं. बघितलं तर लोकरीत कुसळ अडकलेलं. हाताला ते लागलंच नव्हतं. मी काढून टाकलं आणि गादी परत दिली, कारण पट्ट्याचा टाका राहिला होता.

तिनं पट्टा टाचला, गाठ मारली. कातर माझ्याजवळच्या खुंटीला टांगलेली होती. पारुबाईनं धागा तोंडाशी नेला आणि दातानं तोडला. मी कातरीकडं हात नेला नाही.